निरंक

अहवालाच्या पहिल्याच पानावर ‘उष्माघाताने मृत्यू’ या ओळीपुढे ‘निरंक’ असं लिहिलं होतं. म्हणजे जिल्ह्यात एकही नाही. डॉ. मंजू गजभियेने त्याखाली फक्त सही करायची होती.

मे महिना होता. गोंदियाच्या त्या बैठकीच्या खोलीत दोन एसी घरघरत होते आणि शिपायाने खिडक्यांचे पडदे ओढून घेतले होते. मंजू नागपूरहून आली होती. पाणी, हवा, ऊन यांच्यामुळे माणसं कशी आजारी पडतात, कशी मरतात, हे शोधून काढणं हे राज्याच्या आरोग्य खात्यातलं तिचं काम. वरिष्ठ साथरोगतज्ज्ञ, असं तिच्या दारावरच्या पाटीवर लिहिलेलं. मूळची ती याच जिल्ह्यातली, दवनीवाड्याची. धानाच्या बांधीत चिखल तुडवत मोठी झालेली.

“संशयित चार होते ना?” तिने विचारलं.

समोर डॉ. धर्मेंद्र कटरे बसला होता. उन्हाळ्यातल्या मृत्यूंची छाननी करणाऱ्या समितीचा प्रमुख. कॉलेजात तो तिच्या मागच्या वर्गात होता.

“होते, मॅडम. चारही निकषात बसले नाहीत. एकाला हृदयविकार, दोघं आधीचे आजारी. आणि ही सालेकसा तालुक्यातली बाई, रुख्मा उईके. तेंदूपत्ता वाळवायच्या फळीवर पडली. ती दारूची केस निघाली.”

“निघाली म्हणजे? दारू तपासली?”

“नाही. नशेत होती, अशी माहिती सोबतच्या माणसाने दिली.”

“सोबत कोण होतं?”

कटरेने कागद उलटला. “फळीचा मुन्शी. ठेकेदाराचा माणूस.”

“ताप किती होता?”

“घेतला नाही. आणली तेव्हा ती गेलेलीच होती.”

“शवविच्छेदन?”

“नातेवाइकांनी मागणी केली नाही.” कटरे जरा पुढे झुकला. “मॅडम, अहवाल आज वर जायचा आहे. बाकीच्या जिल्ह्यांचे निरंक गेलेत. आपलाच अडकलाय.”

मंजूने फाइल मिटली. “अडकू दे. मी सालेकशाला जाऊन येते.”

“या उन्हात?”

“ती याच उन्हात मेली ना?”

*

सालेकशाच्या पुढे रेल्वेलाइन ओलांडली की जंगल सुरू होतं. त्या रस्त्याला लागून असलेल्या एका टोल्यावर, छोट्या वस्तीत, रुख्माचं घर होतं. अंगणात तिचा नवरा मनिराम बांबू फोडत बसला होता. सरकारी गाडी पाहून तो उठला नाही. हातातली कुऱ्हाडही खाली ठेवली नाही.

“आता कायले आले?”

“तुमची बायको कशानं गेली ते विचारायला आले, भाऊ.”

“तुमाले मालूम हाय ना? दारू पेऊन मेली. तुमच्याच लोकाईनं लिवलं.”

“प्यायची का ती?”

मनिरामने कुऱ्हाड बांबूत रुतवली. “दारू मी पेतो. देवाले ठेवतो अन् मी बी पेतो. लपवत नाई. थे हात नाई लावे. मी पेऊन आलो का माया खाटेजवळ बी ये नाई. अन् तिलेच दारुडी केलं तुमी. कोनी केलं? नाव सांगा मले.”

कागदावरचा ‘फळीचा मुन्शी’ मंजूला आठवला. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

घरातून एक मुलगी पाणी घेऊन आली. रुख्माची लेक टीना, कॉलेजात शिकणारी. पाणी देताना ती मंजूकडे बघतही नव्हती.

“दवाखान्याचा कागद आणायला मीच गेले होते,” ती म्हणाली. “तिथल्या माणसानं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. रांगेतले लोक हसले, मॅडम. माझी आई मेली होती आणि ते हसले.”

मंजूने ग्लास खाली ठेवला. “टीना, मला त्या दिवसाचं सगळं सांग. सकाळपासून. ती उठली तिथपासून.”

टीनाने सांगितलं. मध्ये मध्ये मनिरामनेही सांगितलं. रुख्मा अंधार असतानाच जंगलात गेली होती. विड्यांसाठीची तेंदूची पानं तोडली, डोक्यावरून आणली, सावलीत बसून पुडे बांधले आणि फळीवर नेऊन विकले. फळी म्हणजे गावाबाहेरचं उघडं मैदान. पानांचे पुडे तिथे उन्हात ओळीने वाळत घालतात. घरी परत यायचं सोडून ती तिथेच थांबली, कारण पुडे उलटायच्या कामाला मुन्शीला बाया हव्या होत्या. भर दुपारी.

“कोणीतरी बोलवायला आलं म्हणून मी धावत गेले,” टीना म्हणाली. “आई मुन्शीच्या पिकअपच्या सावलीत पडली होती. अंग नुसतं तव्यासारखं. मला म्हणाली, ‘जानकी, गाई बांध.’ जानकी माझी मावशी. ती केव्हाच वारली.”

“म्हणजे तेव्हा जिवंत होती? बोलत होती?”

“हो. मी म्हटलं, पाणी टाका अंगावर. मुन्शी म्हणाला, पाणी पत्त्यासाठी आहे. पोत्यांचे बोद भरायच्या आधी पानांवर पाणी शिंपडतात ना, तुटू नयेत म्हणून. टाकं भरलेलं होतं. तो म्हणाला, प्यालेली आहे, पडू दे, उतरेल आपोआप.”

“मग दवाखान्यात कधी नेलं?”

“पत्ता मोजून झाल्यावर.”

मंजू उठली.  एवढ्या वर्षांत तिने शेकडो मरणांची चौकशी केली होती आणि रागावर झाकण ठेवायला ती शिकली होती. आज ते झाकण बसेना. भरलेलं टाकं शेजारी होतं. बाई बोलत होती. एवढ्यावर कोणी मरत नाही. मरू दिलं तरच मरतं.

*

फळीवर पोचेपर्यंत सूर्य डोक्यावर आला होता. मैदानभर तेंदूच्या पुड्यांच्या ओळी पसरल्या होत्या, आणि त्यांच्यामधून बाया वाकून वाकून चालत होत्या. सावलीला एक झाड नव्हतं. एका कडेला सिमेंटचं टाकं, त्याशेजारी बोरिंग, आणि पलीकडे मुन्शीचा छोटा मांडव. मांडवात टेबलपंखा फिरत होता. मुन्शीचं नाव गुड्डू. ठेकेदाराने त्याला बाहेरून आणून बसवलं होतं.

मंजू त्याच्याशी बोलली नाही. ती ओळींमधल्या बायांकडे गेली. तिथे लीलाबाई भेटली. पन्नाशीची, काटक, डोक्याला ओला दुपट्टा बांधलेली.

“जयभीम, मॅडम. कोन गावच्या तुमी?”

“जयभीम. दवनीवाड्याची.”

“मंग त आपल्याच!” लीलाबाई हसली. पुडे उलटणं तिने थांबवलं नाही. “रुख्मीबद्दल इचाराले आल्या ना? मी बाजूच्याच ओळीत होती. आधी तिचे पाय लटपटले. मंग काहीबाही बोलाले लागली. मी म्हनलं, बस वो बाई जराशी. त म्हने, बसली त रोजी कापते. मंग धाडकन पडली.”

“दारूचा वास येत होता?”

“कायची दारू! सकाळपासून पोटात अन्न नाई तिच्या, दारू कुठून...” लीलाबाई थांबली. हातातला पुडा तिने पुन्हा होता तसाच ठेवला. मग तोच उचलला. “दारू कुठून... पोरगी कुठी गेली?”

“कोण पोरगी?”

“मायी पोरगी. आत्ता इथं होती.” ती दुसरीकडेच वळून चालायला लागली. पाय तिरके पडत होते. दोन ओळी तुडवत ती पुढे गेली, पुडे विखुरले. मांडवातून गुड्डू ओरडला, “अरे संभाल के! ये भी पी के आयी क्या आज?”

दोनतीन बाया हसल्या. लीलाबाई दारुड्यासारखीच झुलत होती. जीभ जड झाली होती.

 रुख्माच्या कागदावर दारू कशी आली, ते तिच्या डोळ्यांसमोर चाललं होतं. उन्हाने मेंदू भाजला की माणूस असंच बोलतं, असंच चालतं. हे तिने प्रशिक्षणांत कितीदा शिकवलं होतं.

लीलाबाई पडायच्या आत मंजूने तिला धरलं. हाताला चटका बसावा असं अंग.

“धरा हिला! सगळ्या जणी या! ताडपत्री कुठं आहे?”

अवकाळी पावसात पानं झाकायला मोठी निळी ताडपत्री मांडवाशेजारी घडी घालून ठेवलेली होती. मंजूने ती ओढली. गुड्डू आडवा आला.

“मॅडमजी, ये पत्ते की है. गीली हो जायेगी. सेठ को मैं क्या बोलूँ?”

“बाजूला हो.”

“मॅडमजी...”

“बाजूला हो म्हणते ना! ही मेली तर पोलिसांत पहिलं नाव तुझं जाईल, आणि ते मी सांगेन. हो बाजूला!”

तो बाजूला झाला. बायांनी ताडपत्री टाक्याजवळ अंथरली, लीलाबाईला तिच्यावर निजवलं आणि चारी कडा उचलून धरल्या. खोलगट होडीसारखा आकार झाला. मंजूने ड्रायव्हरकडून आपली पेटी मागवली. बायांनी लुगड्यांचा आडोसा धरला आणि तिने गुदद्वारात थर्मामीटरची तार सरकवली. आकडा चढत गेला. एकशे सात.

“पाणी! टाक्यातलं नको, ते तापलंय. बोरिंगचं ओता. थांबू नका!”

बोरिंग जिवाच्या आकांताने हापसलं जात होतं. एकीचा हात थकला की दुसरी पुढे यायची. थंड पाणी घागरींनी ताडपत्रीत पडत होतं, आणि मंजू गुडघ्यावर बसून लीलाबाईच्या छातीवर, मानेवर, मांड्यांवर ते चोळत होती. तिची साडी चिखलाने भरली. रस्त्याने बर्फगोळेवाला चालला होता, त्याला एका बाईने अक्षरशः ओढून आणलं आणि त्याची लादी फोडून पाण्यात टाकली. मग तो स्वतःच चुरा करून द्यायला लागला.

आकडा उतरू लागला. आधी हळू, मग भराभर. एकशे दोनवर आल्यावर मंजूने पाणी थांबवलं. लीलाबाईने डोळे उघडले आणि आपल्याभोवती जमलेल्या बायांकडे पाहिलं.

“काऊन वो, मले कायले भिजवलं?”

कोणी हसलं, कोणी रडलं. मंजू तशीच चिखलात बसून राहिली. तिला ना हसू आलं ना रडू. एक बोरिंग, एक ताडपत्री, थोडं पाणी. रुख्माच्या दिवशीही हे सगळं इथेच होतं.

*

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक परत भरली. लीलाबाई दवाखान्यात होती. किडन्यांना थोडा मार बसला होता, पण ती उठून बसली होती, जेवत होती. मंजूने सगळं सविस्तर मांडलं. तीच फळी, तीच वेळ, तेच काम, तीच लक्षणं, आणि या वेळी डॉक्टरने स्वतः मोजलेलं तापमान.

कटरेने शांतपणे ऐकून घेतलं. “उत्तम काम, मॅडम. पण ही केस मृत्यूच्या अहवालात येत नाही.”

“का?”

“ती वाचली.”

“आणि रुख्मा?”

“तिचं तापमान नोंदलेलं नाही. निकष स्पष्ट आहेत.”

 मंजूने आधी पाण्याचा घोट घेतला.

“म्हणजे जी मेली तिचं तापमान नाही, आणि जिचं तापमान आहे ती मेली नाही. म्हणून या जिल्ह्यात ऊन कोणाला मारत नाही. असंच ना, धर्मेंद्र?”

“तसं नाही, पण कागदावर...”

“तापमान मोजलं नाही हा तिचा गुन्हा आहे का?” तिचा आवाज चढला. “थर्मामीटर तुमच्याकडे, बर्फ तुमच्याकडे, डॉक्टर तुमच्याकडे. मोजायचं तुम्ही. तुम्ही मोजलं नाही, म्हणून ती उन्हाने मेली नाही? आणि दारू? दारू कुठे मोजली होती? ती मात्र मुन्शीच्या शब्दावर लिहिली! त्याच्या एका वाक्याला निकष लागला नाही तुम्हाला?”

“मॅडम, आवाज...”

“मोठाच आहे माझा आवाज. ज्या माणसाने बाईला पाणी दिलं नाही, त्यालाच साक्षीदार केलं तुम्ही!”

समितीतला एकही जण वर बघत नव्हता. कटरेचा चेहरा लाल झाला होता. तोही आता चिडला होता.

“तुम्ही नागपूरला परत जाल,” तो म्हणाला. “मला इथं राहायचंय. एक मृत्यू उष्माघाताचा दाखवला की फळ्या दुपारी बंद करा, शेड उभारा, हे आलं. ठेकेदार ओरडणार, पुढारी ओरडणार. माझ्या वरच्यांना शून्य हवंय. तुमच्याही वरच्यांना तेच हवंय. विचारा त्यांना.”

“विचारते,” मंजू म्हणाली. आणि अहवालावर सही न करता, आपलं वेगळं मत दोन पानांत लिहून जोडून ती निघाली.

कटरेचं खरं निघालं. आठवडा उलटायच्या आत तिला या चौकशीतून काढल्याचा आदेश आला. पाठोपाठ बैठकीतल्या वर्तनाबद्दल खुलासा मागणारी नोटीस आली. तिच्या दोन पानांचा एवढाच उपयोग झाला, की रुख्माच्या नावापुढची दारू खोडली गेली आणि तिथे ‘कारण अनिश्चित’ असं आलं.

*

लीलाबाई दवाखान्यातून घरी आली आणि तिने फळीवरच्या बाया जमवल्या. गावाची ग्रामसभा बोलावली गेली. मंजूलाही निरोप आला. ती रजा टाकून, स्वतःच्या पैशाने गेली.

शाळेच्या पडवीत माणसं दाटून बसली होती. मनिराम खांबाला टेकून होता, शेजारी टीना. लीलाबाईने मंजूला उभं केलं. “सांग वो बाई. रुख्मी कायनं मेली थे सांग. लिवलेलं नको. खरं सांग.”

मंजू शहरात तीस वर्षं जी भाषा बोलली नव्हती, ती तोंडात आली.

“रुख्माबाई तपनीनं मेली. दारूनं नाई. थंड पान्यात ठेवलं असतं त वाचली असती. जशी लीलाबाई वाचली.”

पडवीत कुजबुज उठली. मनिराम उभा राहिला. त्याने मंजूकडे पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं, आणि न बोलता निघून गेला.

“बाबांना हे माहीत नव्हतं,” टीना हळूच म्हणाली. “ती वाचली असती, हे.”

सभेत ठरलं, की दुपारी फळीवर कोणी बाई कामाला जाणार नाही आणि सावली केल्याशिवाय गावचा एक पुडाही तिथे उतरणार नाही. मुन्शीने आधी हुज्जत घातली. मग पानं यायची थांबली तेव्हा ठेकेदाराने हिरवी जाळी आणि बांबू पाठवून दिले. बायांना बरं वाटलं. मंजूला वाटलं नाही. तिला मनिरामचं ते उघडलेलं तोंड दिसत राहिलं.

त्याने पुढे काय केलं ते टीनाच्या फोनवरून कळलं. मंजू नागपूरच्या ऑफिसात नोटिशीचं उत्तर लिहीत होती.

“मॅडम, बाबा कालपासून आईला नेलं होतं त्या दवाखान्यासमोर बसलेत. आता गावातली खूप माणसं आली आहेत. बाबा म्हणतात, ताप मोजायचं ते यंत्र दाखवा अन् बर्फ कुठी ठेवता ते दाखवा, तोपर्यंत उठत नाई. डॉक्टरांनी पोलिसांना बोलावलंय.”

मंजूने उत्तर अर्धवट सोडलं. ऑफिसची गाडी आता मिळणार नव्हती. ती रिक्षाने स्टेशनवर गेली, मिळाली त्या गाडीत चढली, आणि उभ्या-उभ्याच कटरेला फोन लावला.

“त्या माणसांना पोलिसांनी हात लावला, तर सगळं वर्तमानपत्रात जाईल. सगळं. माझी नोकरी गेली तरी चालेल. आणि तू तिथे ये.”

“मी येऊन काय करू?”

“बर्फ घेऊन ये.”

ती पोचली तेव्हा पोलिसांची गाडी फाटकात उभी होती आणि लोक लिंबाच्या सावलीत बसून होते. कोणी घोषणा देत नव्हतं. थोड्या वेळाने कटरेची गाडी आली. तो एकटाच होता. डिकीत बर्फाची मोठी पेटी होती, केटरर लोक लग्नात वापरतात तसली, आणि वर दोन नवे थर्मामीटर. पेटी जड होती. ड्रायव्हरने एका बाजूने धरली, दुसरी कटरेने धरली, आणि दोघं ती घेऊन माणसांमधून चालत आले.

मनिराम उठला आणि आडवा आला. त्याने पेटीचं झाकण वर केलं, बर्फात हात घातला आणि तसाच ठेवला. हात लाल झाला तरी काढला नाही.

“तवा कुठी होतं हे?” त्याने विचारलं.

 पेटीची कडी कटरेच्या बोटांत रुतत होती, पण खाली ठेवायला जागा कोणी दिली नाही.